प्रतिनायकाविना खलत्व : ‘कोर्ट’ चित्रपटातील सरकारी वकिलाच्या भूमिकेचा अभिनयविचार

१

नाटकातील नायकाचा विचार आपल्याकडे पुष्कळ झाला; प्रतिनायकाचा त्या मानाने थोडा. धनंजयाने ‘दशरूपका’त प्रतिनायकाची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत लोभ, औद्धत्य, हट्ट, पापाचरण आणि व्यसनाधीनता यांचा समावेश होतो. ही सर्व लक्षणे स्वभावाची आहेत, कार्याची नाहीत, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. म्हणजे प्रतिनायक काय करतो यापेक्षा तो कसा आहे यावरून त्याची ओळख पटावी, अशी ही योजना आहे. रावण किंवा दुर्योधन रंगमंचावर येताच प्रेक्षकाला नीतीच्या नकाशावरील दिशा कळतात, आणि पुढील कथानकात कोणाच्या बाजूने उभे राहावयाचे याविषयी त्याच्या मनात संशय उरत नाही.

मराठी रंगभूमीने हा वारसा मनःपूर्वक चालविला. गडकऱ्यांच्या ‘भावबंधना’तील घनश्याम चिंतामणराव कोल्हटकरांनी ज्या तेजाने रंगविला त्याची आठवण पुढील पिढ्यांनी जपली. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त तर खलपुरुषाचा चेहरा इतका स्पष्ट होता की, १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकातील कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झनला ओळखले, आणि सरकारनेही ते ओळखून १९१० साली नाटकावर बंदी घातली. येथे एक महत्त्वाचे तत्त्व हाती लागते. ज्या काळात राजसत्तेला एक चेहरा देता येत होता त्या काळात खलपात्र हे राजकीय विचाराचे प्रभावी साधन होते. प्रेक्षकाला संताप कोणावर करावयाचा हे नाटककार सांगू शकत होता.

परंतु ज्या अन्यायाला असा एक चेहराच नाही, जो अन्याय टेबलावरील कागद, तारखा, कलमे आणि सुट्ट्या यांच्या मार्गाने घडतो, त्या अन्यायाचे पात्र नटाने कसे उभे करावे? प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या २०१४ सालच्या चित्रपटात गीतांजली कुलकर्णी यांनी केलेली सरकारी वकील नूतन हिची भूमिका येथे निवडली आहे. या भूमिकेसमोर आरोपी म्हणून उभे आहेत ते वीरा साथीदार. वर्धा जिल्ह्यात जन्मलेले, नागपूरच्या आंबेडकरी चळवळीत आयुष्य घालविलेले आणि ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादन केलेले हे कार्यकर्ते व्यवसायाने नट नव्हते. १३ एप्रिल २०२१ रोजी कोरोनाच्या साथीत नागपूर येथे त्यांचे निधन झाले. नूतनच्या भूमिकेचा विचार साथीदारांच्या भूमिकेला सोडून करता येत नाही, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

२

‘कोर्ट’पर्यंत येण्यापूर्वी मराठी नटांनी पडद्यावरील खलपुरुषाचे जे रूपांतर घडवून आणले त्याची नोंद करणे अवश्य आहे, कारण नूतनची भूमिका आकाशातून पडलेली नाही. त्या रूपांतराचे दोन टप्पे विशेष ठळक आहेत.

पहिला टप्पा निळू फुले यांचा. जब्बार पटेल दिग्दर्शित आणि विजय तेंडुलकर लिखित ‘सामना’ (१९७५) या चित्रपटात हिंदुराव धोंडे पाटील हा साखरकारखानदारीच्या बळावर उभा राहिलेला ग्रामीण सत्ताधीश त्यांनी साकारला. रंगभूमीवरील खलपुरुष आवाज चढवून सत्ता दाखवीत असे. फुल्यांनी आवाज खाली उतरवून ती दाखविली. ज्याला आपले शब्द ऐकले जातील याची खात्री असते त्याला ओरडण्याचे कारण पडत नाही, हे साधे सामाजिक सत्य त्यांनी अभिनयाच्या पातळीवर आणले. श्रीराम लागू यांनी रंगविलेल्या, दारूच्या आहारी गेलेल्या जुन्या गांधीवादी मास्तरांचा हिंदुराव पाहुणचार करतो, तेव्हा त्या पाहुणचारात खोटेपणा नाही. आणि तो खोटा नाही म्हणूनच त्याची भीती वाटते. मारुती कांबळेचे काय झाले, हा मास्तरांचा प्रश्न ज्या गावात विचारला जातो त्या गावातील शांतता हिंदुरावाच्या देहबोलीतच साठवलेली असते.

दुसरा टप्पा सदाशिव अमरापूरकर यांचा. गोविंद निहलानी यांच्या ‘अर्धसत्य’ (१९८३) या हिंदी चित्रपटातील रामा शेट्टी मोजक्याच प्रसंगांत दिसतो. फुल्यांनी आवाज उतरविला. अमरापूरकरांनी गती उतरविली. बसल्या जागेवरून न हलता, शब्दांमध्ये प्रदीर्घ विराम ठेवून बोलणारा हा माणूस समोरच्या तरण्याबांड फौजदाराला स्वतःच्या उतावीळपणाची लाज वाटावी असा स्थिर असतो. अखेरीस अनंत वेलणकर त्याच्याच दाराशी मदतीसाठी येतो तेव्हा रामा शेट्टीला जिंकल्याचा आनंद दाखवावा लागत नाही. कारण हे असेच घडणार हे त्याला अगोदरच ठाऊक होते, असा भास ती स्थिरता निर्माण करते.

तथापि या दोन्ही भूमिकांत एक गोष्ट कायम राहिली. हिंदुराव असो वा रामा शेट्टी, त्याच्या ठिकाणी इच्छाशक्ती आहे. त्याला काही हवे आहे, आणि ते मिळविण्यासाठी तो दुसऱ्याच्या आयुष्याचा बळी देतो. म्हणजे अभिनयाची साधने बदलली तरी धनंजयाची व्याख्या मोडली नव्हती. लोभ आणि हट्ट तेथे होतेच. फक्त औद्धत्याची जागा संयमाने घेतली होती. ‘कोर्ट’मध्ये मोडते ती ही व्याख्या.

३

‘कोर्ट’चे कथानक थोडक्यात असे. नारायण कांबळे हे वृद्ध लोकशाहीर मुंबईतील एका वस्तीत कार्यक्रम करीत असताना पोलीस व्यासपीठावरून त्यांना अटक करतात. वासुदेव पवार नावाचा सफाई कामगार मलनिःसारणाच्या भुयारात मृत सापडला आहे. कांबळे यांचे गाणे ऐकून त्याने आत्महत्या केली, असा सरकारपक्षाचा आरोप आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०६ खाली, म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त केल्याबद्दल, खटला चालतो. (ती संहिता १ जुलै २०२४ पासून जाऊन तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, परंतु या अपराधाचे कलम नव्या क्रमांकाने तिच्यातही आहे.) मृताची विधवा साक्षीत सांगते की नवऱ्याला संरक्षणाची साधने मिळत नव्हती, घाणीचा वास सहन व्हावा म्हणून तो दारू पिऊन आत उतरे, आणि विषारी वायूने त्याचा एक डोळा पूर्वीच गेला होता. कांबळे जामिनावर सुटतात. पण पुढे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली त्यांना पुन्हा अटक होते. न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि दालनातील दिवे मालवले जातात.

या कथानकात नूतनचे स्थान कोणते? कार्याच्या दृष्टीने पाहिले तर ती निःसंशय प्रतिनायकाच्या जागी आहे. निरपराध माणूस तुरुंगात राहावा यासाठी जो युक्तिवाद होतो तो तिच्या मुखातून होतो. परंतु स्वभावाच्या दृष्टीने पाहिले तर प्रतिनायकाचे एकही लक्षण तिच्या ठिकाणी सापडत नाही. तिला आरोपीविषयी वैर नाही. खटल्यातून काही लाभही नाही. कार्य प्रतिनायकाचे आणि स्वभाव सामान्य मध्यमवर्गीय स्त्रीचा, अशी ही विसंगती आहे, आणि नटीपुढील खरा पेच तोच आहे. कार्यावर भर दिला तर पात्र क्रूर होते व चित्रपट जुन्या वळणावर जातो. स्वभावावर भर दिला तर पात्र निरागस होते व अन्याय पुसट होतो.

येथे पद्धतीविषयी एक खुलासा केला पाहिजे. चित्रपटात नटाची निवड कोणती आणि दिग्दर्शकाची कोणती, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे काढणे कठीण असते. म्हणून पुढील विवेचनात जे पडद्यावर दिसते व ऐकू येते तेवढ्यालाच प्रमाण मानले आहे. त्यासाठी भरताने सांगितलेल्या चतुर्विध अभिनयाचा क्रम सोयीचा वाटतो.

४

प्रथम वाचिक अभिनय. ‘मृच्छकटिका’च्या नवव्या अंकात न्यायालयाचे जे दृश्य आहे त्याच्याशी येथे तुलना करणे उद्बोधक ठरेल. तेथेही निरपराध चारुदत्तावर खुनाचा आरोप आहे, आणि आरोप करणारा शकार हा राजाचा मेहुणा आहे. शूद्रकाने शकाराच्या तोंडी जी भाषा घातली ती सदोष, हास्यास्पद आणि पुराणकथांची खिचडी करणारी आहे. प्रेक्षक त्याला हसतो, आणि हसता हसता त्याच्यापासून सुरक्षित होतो. अन्याय करणारा अडाणी आहे, एवढे कळले की अर्धे समाधान मिळते. अधिकरणिकाला सत्य दिसत असूनही तो शकाराच्या धमकीपुढे नमतो, त्यामुळे न्यायाधीशाविषयी मनात कणवही उरते.

नूतनच्या भाषेत हसण्यासारखे काही नाही. तिचे मुख्य वाचिक साधन म्हणजे वाचन. कायद्याची कलमे, व्याख्या, पोटकलमे ती हातातील कागदावरून इंग्रजीत वाचून दाखविते, आणि हे वाचन एका लयीत, भराभर, कोठेही अर्थासाठी न थांबता चालते. गीतांजली कुलकर्णी या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या अभिनेत्री आहेत. शब्दाला वजन कोठे द्यावे हे अशा नटीला शिकवावे लागत नाही. म्हणून येथे वजन काढून घेणे ही जाणीवपूर्वक केलेली गोष्ट मानली पाहिजे. परिणाम असा होतो की, वाक्यांतील भयंकर शब्दही त्यांच्या शेजारच्या निरुपद्रवी शब्दांइतकेच सपाट होतात. माणसाचे आयुष्य ज्या ओळीवर अवलंबून आहे ती ओळ आणि कायद्याचे लांबलचक शीर्षक, दोन्ही एकाच सुरात येतात.

या सपाटपणाचा दुसरा पदर भाषांच्या व्यवहारात आहे. नूतन मराठीत सहज वावरते. इंग्रजी ही तिच्या दृष्टीने कागदावरची भाषा आहे. उलट बचावाचे वकील विनय व्होरा (विवेक गोम्बर) यांना इंग्रजी घरची आहे आणि मराठीत त्यांची ओढाताण होते. साक्षीदार आपल्या बोलीत सांगतात, न्यायाधीश ते ऐकून टंकलेखकाला स्वतःच्या शब्दांत सांगतात, आणि नोंदीत जाते ते हे तिसरेच रूप. अशा ठिकाणी आरोपीची भाषा सर्वांत चांगली जिला कळू शकते ती व्यक्ती म्हणजे सरकारी वकील. नारायण कांबळे ज्या मराठीत गातात तिच्यातील उपरोध व्होरांपेक्षा नूतनला अधिक नेमका समजावा. पण त्या समजुतीची कोणतीही खूण आवाजात उमटू न देणे ही कुलकर्णींची या भूमिकेतील बहुधा सर्वांत मोठी निवड आहे. भाषेचे नाते आहे, तरी त्यातून आपुलकी निर्माण होत नाही. घरी बोलावयाची मराठी आणि न्यायालयात प्रश्न विचारावयाची मराठी या जणू दोन निराळ्या भाषा आहेत.

५

आंगिक अभिनयाचा विचार करताना चित्रपटाची दृश्यरीती ध्यानात ठेवावी लागते. कॅमेरा बहुतेक वेळा स्थिर आणि दूर असतो. न्यायालयाचे दालन पुष्कळसे एका चौकटीत दिसते. खलपुरुषाच्या अभिनयाला पडद्यावर ज्या जवळच्या दृश्याचा आधार असतो, डोळ्यांतील चमक, ओठांची हालचाल, तो येथे जवळजवळ नाही. हिंदुरावाची नजर टिपण्यासाठी कॅमेरा पुढे जातो. नूतनसाठी तो जात नाही. म्हणून तिचे पात्र उठणे, बसणे, कागद चाळणे, न्यायाधीशांकडे वळणे अशा क्रियांतूनच उभे करावे लागते.

या क्रियांत एक विशेष आहे. नूतनचे लक्ष बहुतांशी दोन ठिकाणी असते : हातातील कागद आणि उच्चासनावरील न्यायाधीश. आरोपी हा त्या दोहोंमधील दुवा असला तरी देहाच्या दिशेतून तो जवळपास वगळला जातो. जुन्या रंगभूमीवरील खलपुरुष नायकाकडे रोखून पाही. त्या पाहण्यात वैराबरोबर एक प्रकारची मान्यताही असे. शत्रू म्हणून पाहणे म्हणजे शेवटी माणूस म्हणून पाहणेच होय. नूतनच्या व्यवहारात आरोपीला तेवढीही मान्यता मिळत नाही. तो एका प्रकरणाचा क्रमांक आहे, आणि त्याच दिवशी त्याच दालनात इतरही क्रमांक आहेत.

आहार्याविषयी थोडकेच सांगणे पुरे. साडीवर वकिलाचा काळा पोशाख, हीच तिची वेशभूषा. भिवईची रेघ, मिशीचा पीळ, टोपीचा कोन, अशी जी चिन्हे खलपुरुषाला परंपरेने मिळाली त्यांतील एकही येथे नाही. लोकलगाडीच्या डब्यात ती शिरते तेव्हा तो काळा पोशाख उतरलेला असतो आणि गर्दीतील कोणत्याही नोकरदार स्त्रीपासून ती वेगळी ओळखू येत नाही. खलत्व हे येथे अंगावर चढविण्याचा आणि उतरविण्याचा गणवेश आहे, आणि कुलकर्णी तो उतरविताना चालण्याबोलण्यात कोणताही ठळक बदल करीत नाहीत. बदल केला असता तर कामाच्या ठिकाणी एक आणि घरी दुसरी, असे दुभंगलेले व्यक्तिमत्त्व सूचित झाले असते, आणि प्रेक्षकाला घरच्या नूतनला खरी मानून न्यायालयातील नूतनला माफ करण्याची सोय झाली असती. ती सोय नटीने नाकारली आहे.

६

सात्त्विक अभिनय ही या चर्चेतील सर्वांत नाजूक बाब. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव अंतःकरण हलल्याखेरीज प्रकट होत नाहीत, असे शास्त्र सांगते. नूतनच्या भूमिकेत यांपैकी एकही भाव दिसत नाही. विधवेची साक्ष सरकारपक्षाच्या कथेचा पायाच काढून घेते. पण त्या साक्षीनंतर पक्षाची भूमिका बदलत नाही आणि वकिलाच्या चेहऱ्यावर हादरा उमटत नाही. तिला यशाचाही हर्ष नाही. जेथे भावाचा अभाव हाच पात्राचा स्थायी भाव आहे तेथे नटाने काय करावयाचे? अभाव दाखविणे हा दगडी चेहरा करण्याचा प्रकार नव्हे, कारण दगडी चेहरा हीसुद्धा एक भूमिका असते आणि प्रेक्षक तिच्यात लगेच क्रौर्य वाचतो. कुलकर्णींनी त्या जागी किरकोळ भाव भरले आहेत : घाई, कंटाळा, किंचित थकवा, काम उरकण्याची ओढ. माणूस निर्दय दिसण्याऐवजी व्यग्र दिसतो.

याच ठिकाणी न्यायालयाबाहेरच्या दृश्यांचे महत्त्व कळते. लोकलमधील प्रवासात सहप्रवासिनीशी साडीच्या आणि घरच्या पथ्यपाण्याच्या गोष्टी होतात. मुलाला घेऊन ती घरी येते, स्वयंपाक करते, सर्वांना वाढते. हे सर्व प्रसंग कुलकर्णी ज्या गतीने करतात ती गती न्यायालयातील वाचनाच्या गतीची सख्खी बहीण आहे. कुकर लावणे आणि कलम वाचणे या दोन्ही क्रिया एका दीर्घ दिवसातील कामे आहेत. एका प्रसंगी सहकाऱ्यांशी बोलताना ती म्हणते की, या माणसाला एकदाची वीस वर्षांची शिक्षा देऊन प्रकरण संपवावे, तेच तेच चेहरे पाहून कंटाळा आला, अशा अर्थाचे काही. सबंध चित्रपटातील हे सर्वांत भीषण वाक्य असावे, आणि ते जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पांच्या सुरात येते. रामा शेट्टीच्या तोंडी हेच वाक्य असते तर नटाने त्यापूर्वी विराम घेतला असता. येथे विराम नाही, म्हणून प्रेक्षकाला ते वाक्य झाल्यावर स्वतःच थांबावे लागते.

दिदरोने नटाविषयी मांडलेला विरोधाभास प्रसिद्ध आहे : प्रेक्षकाला हलविणारा नट स्वतः मात्र शांत असावा. नूतनच्या भूमिकेत हा विरोधाभास आणखी एक पायरी वर गेला आहे. येथे नटी शांत आहे, पात्रही शांत आहे, आणि हलतो तो केवळ प्रेक्षक.

७

आता साथीदारांच्या भूमिकेकडे वळले पाहिजे. नूतनच्या अभिनयाचा अर्थ तिच्या एकटीत पुरा होत नाही. तो समोरच्या माणसामुळे पुरा होतो. व्यासपीठावरील नारायण कांबळे आणि न्यायालयातील नारायण कांबळे यांत साथीदारांनी मोठे अंतर ठेवले आहे. गाताना आवाज पूर्ण खुला, देह ताठ, शब्द समोरच्या वस्तीला उद्देशून. न्यायालयात उत्तरे आखूड, आवाज साधा, याचना नाही आणि आव्हानही नाही. वर्षानुवर्षे पोलीसचौकी आणि न्यायालय पाहिलेल्या माणसाचा हा अलिप्तपणा आहे. चळवळीत आयुष्य गेलेल्या कार्यकर्त्याला तो शिकावा लागला नसावा. परंतु कॅमेऱ्यापुढे तो न वाढविता, न घटविता ठेवणे हे कौशल्यच होय.

या निवडीचा परिणाम दूरगामी आहे. आरोपीने हुतात्म्याची भूमिका केली असती तर सरकारी वकिलाला जुलमी अधिकाऱ्याची भूमिका करणे भाग पडले असते. रंगमंचावर एकाचा सूर दुसऱ्याचा सूर ठरवितो. साथीदारांनी हौतात्म्य नाकारल्यामुळे कुलकर्णींना क्रौर्य नाकारता आले. त्यामुळे दालनात दोन सपाट आवाज समोरासमोर येतात. एक सपाट आहे कारण त्याला अन्यायाची सवय झाली आहे. दुसरा सपाट आहे कारण त्याला अन्याय करण्याची सवय झाली आहे. त्या दोन सवयींमधील फरक ओळखण्याचे काम चित्रपट प्रेक्षकावर सोपवितो. प्रशिक्षित नटी आणि अप्रशिक्षित नट यांचा हा जुळलेला सूर हे ‘कोर्ट’च्या पात्रयोजनेचे खरे यश म्हटले पाहिजे.

८

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, नूतनच्या वाट्याला आलेले खाजगी जीवन चित्रपटाने निःपक्षपातीपणे निवडलेले नाही. कुटुंबासह ती जे मराठी नाटक पाहावयास जाते त्यात परप्रांतीयांविषयीचा द्वेष विनोदाच्या आवरणात येतो आणि प्रेक्षागृह त्याला टाळ्या देते. उलट व्होरा यांच्या वाट्याला सुखवस्तू एकटेपणा आणि करुणा आली आहे. मराठी मध्यमवर्गाची ही मांडणी एकांगी नाही काय? आक्षेपात तथ्य आहे. या एका प्रसंगी दिग्दर्शक निष्कर्ष जवळजवळ प्रेक्षकाच्या हाती ठेवतो, आणि नूतनच्या ठिकाणी स्वभावदोष शोधण्याचा जुना मोह पुन्हा जागा होतो. परंतु या प्रसंगातही नूतन ही प्रेक्षकांतील एक आहे. टाळ्या तिच्या एकटीच्या नाहीत. दोष व्यक्तीवरून सभागृहाकडे सरकतो. मराठी प्रेक्षकाला हा चित्रपट पाहताना जी अस्वस्थता वाटते तिचे मूळ हे की, पडद्यावरील प्रेक्षागृह आणि आपण बसलो आहोत ते प्रेक्षागृह यांत अंतर फार थोडे आहे.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. खलत्वाला चेहरा दिला नाही तर जबाबदारीही नाहीशी होत नाही काय? सर्वच जण केवळ आपले काम करीत असतील तर दोष कोणाचा? याचे उत्तर भूमिकेच्या तपशिलात आहे. नूतन प्रत्येक वेळी वाचावयास उभी राहते तेव्हा न वाचण्याची शक्यताही त्या क्षणी उपस्थित असते. साक्षीदार ठरावीक असल्याचे उघड झाल्यावर, विधवेची साक्ष झाल्यावर, आरोपीचे वय आणि आजार समोर आल्यावर, अशा अनेक क्षणी ती थांबू शकली असती. कुलकर्णींनी त्या क्षणांवर बोट ठेवले नाही. पण ते झाकलेही नाहीत. ते क्षण कामाच्या ओघात निघून जातात, आणि निघून गेलेले प्रेक्षकाला दिसतात. जबाबदारी नाहीशी झालेली नाही. ती एका मोठ्या दुष्कृत्यातून अनेक लहान दुर्लक्षांत वाटली गेली आहे. शकाराला शासन करता येते. दुर्लक्षाला शासन कसे करावे हे ‘मृच्छकटिका’च्या शेवटाप्रमाणे राजा बदलून सुटणारे कोडे नाही.

९

‘कोर्ट’ला व्हेनिसच्या महोत्सवात २०१४ साली सन्मान मिळाले, उत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि २०१५ साली ऑस्कर पुरस्कारासाठी भारताची प्रवेशिका म्हणून तो गेला. या गौरवाच्या चर्चेत दिग्दर्शनाचे कौतुक पुष्कळ झाले. नूतनच्या भूमिकेने अभिनयविचारापुढे ठेवलेला प्रश्न मात्र अजून पुरेसा मांडला गेलेला नाही. तो प्रश्न असा : ज्या पात्राचे कार्य दुष्ट आहे पण स्वभाव दुष्ट नाही त्याला परंपरेतील कोणत्या कोटीत बसवावयाचे? धनंजयाच्या प्रतिनायकात ते बसत नाही. निळू फुले आणि सदाशिव अमरापूरकर यांनी खलपुरुषाला अतिरेकातून सोडवून माणसांत आणले. त्या वाटेवरचे पुढचे पाऊल म्हणून या भूमिकेकडे पाहिले तर तिचे ऐतिहासिक स्थान निश्चित होते.

वर्धा जिल्ह्याच्या भूमीशी या प्रश्नाचा एक दूरचा संबंध जोडता येतो. १९३६ पासून ज्या सेवाग्रामी गांधींचे वास्तव्य झाले तेथे पापाचा तिरस्कार करावा, पाप्याचा करू नये, हा त्यांचा विचार आचरणाचा विषय होता. त्याच जिल्ह्यात जन्मलेल्या साथीदारांनी आयुष्याची दिशा घेतली ती मात्र नागपूरच्या आंबेडकरी परंपरेतून, जिचा आग्रह माणसाच्या हृदयापेक्षा माणसाच्या हक्कांवर आणि ते हक्क नाकारणाऱ्या व्यवस्थेवर अधिक आहे. ‘कोर्ट’मधील दोन भूमिका एकत्र पाहिल्या म्हणजे या दोन विचारांतील ताण पडद्यावर दिसू लागतो. नूतनचा तिरस्कार करावा असे कुलकर्णींचा अभिनय प्रेक्षकाला वाटू देत नाही. इतपत तो पहिल्या विचाराच्या जवळ आहे. परंतु नूतनचे हृदयपरिवर्तन झाले तर नारायण कांबळे सुटतील, अशी आशाही तो निर्माण करीत नाही. दुसऱ्या दिवशी त्या टेबलाशी दुसरी व्यक्ती उभी राहील आणि तोच कागद त्याच सुरात वाचील, हे प्रेक्षकाला कळून चुकलेले असते.

म्हणूनच चित्रपटातील सुट्टीपूर्वीचा न्यायालयाचा शेवट अर्थपूर्ण आहे. माणसे निघून जातात, दिवे एकेक करून मालवले जातात, आणि रिकाम्या दालनावर कॅमेरा रेंगाळतो. खलपुरुष रंगमंचावरून गेला की संकट टळले, असा प्रेक्षकाचा शतकानुशतकांचा अनुभव आहे. येथे रंगमंच रिकामा झाला आहे, आरोपी कोठडीत आहे, आणि संकट टळलेले नाही.